पानाला औषध कोण म्हणतं

कियोए मोतेगीने आपल्या हाताने जनावर मारलं, असं कुणाला म्हणायचं असेल त्याने आधी तिचं घर बघावं. घरात माणूस एकच, पण ताटं दोन. आणि पहिलं ताट तिचं नाही, किनाकोचं.

किनाको म्हणजे फेरेट. मुंगसासारखा लांबुळका प्राणी. रंग भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाचा, म्हणून त्या पिठाचंच नाव. तिच्या नवऱ्याने, शिगेझोने आणला होता. कियोएने कुत्रं पाळू दिलं नाही, म्हणून हा गडी हे उचलून आला. इकडची, गुन्मा प्रांतातली माणसं म्हणतातच, आमच्याकडे वारा आणि बायको, दोन्ही कुणाच्या बापाला आवरत नाहीत.

"हे काय आणलंस? उंदीर धरून दोन्हीकडून ओढलाय का?" कियोए दारातच म्हणाली होती.

शिगेझो नुसता हसला. किनाको त्याच्या कामाच्या जाकिटाच्या बाहीत शिरला आणि झोपून गेला. त्या दिवसापासून त्याचं बिऱ्हाड त्या बाहीतच.

पुढे शिगेझो हृदयाच्या दुखण्याने गेला. दवाखान्यात तो शेवटचं जे बोलला ते बायकोबद्दल नव्हतंच. म्हणाला, "त्याला उपाशी ठेवू नकोस." कियोएला राग आला, रडू आलं, आणि घरी येऊन तिने जाकीट खुंटीवरून काढून जमिनीवर अंथरलं. किनाको बाहीत शिरला. "चल," ती म्हणाली, "आता तू आणि मी."

या भागात एकेकाळी घराघरात माडीवर रेशमाचे किडे असायचे. त्यांना किडा म्हणायचं नाही, महाराज म्हणायचं. महाराज जेवतात, महाराज झोपतात. ते जेवायचे तुतीची पानं. कियोए लहानपणी पानांच्या टोपल्या वाहून वाहून मोठी झाली. महाराज गेले, कारखाने बंद पडले, तुतीची झाडं तेवढी राहिली. कियोए ती पानं खुडायची, वाफवायची, वाळवून दळायची आणि रस्त्याकडेच्या शेतमालाच्या बाजारात चहा म्हणून विकायची. शिगेझोला साखरेचा आजार होता. तो डॉक्टरच्या गोळ्या घ्यायचा आणि प्रत्येक जेवणाबरोबर बायकोचा हिरवा चहा. तपासणीत साखर जागच्या जागी. गोळ्यांचं कौतुक कुणीच केलं नाही, सगळं पानाला गेलं.

मग एका वसंतात किनाकोचं बिनसलं. लाळ गळायची. तोंडावर पंजे घासायचा. एका जागी टक लावून बघत बसायचा, आणि उठला की मागचे पाय फरफटायचे. कियोएने त्याला ताकासाकी शहरात, जनावरांच्या होसोया डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काकू, रक्तातल्या साखरेचा त्रास आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात गाठ आहे, ती साखर खाली पाडते. थोड्या थोड्या वेळाने मांस भरवा, पोट रिकामं ठेवू नका. गोड अजिबात नको, गोडाने ती गाठ आणखी चेकाळते. फक्त गळपटलाच तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच इकडे या. आणखी काही औषध देता का?"

"नाही."

कियोए खोटं बोलली नाही. तिने मान डोलावून सगळं ऐकलंही होतं. पण मनात रुतलं ते एवढंच, साखर आणि गोड बंद. हेच तर ती शिगेझोच्या बाबतीत वर्षानुवर्षं ऐकत आली होती. तोच आजार, तेच घर. आणि मध? एका तोंडाने गोड नको म्हणायचं, दुसऱ्या तोंडाने मध चोळा म्हणायचं. पोरगी नवीन आहे, तिला वाटलं.

तिने किनाकोच्या मांसाच्या लगद्यात पानाची चिमूटभर पूड घालायला सुरुवात केली.

थोड्या थोड्या वेळाने भरवायचं म्हणून ती त्याला बाजारातही न्यायची. तिथे शेजारच्या गाळ्यावर लोणची विकणारी फुसा बघतच राहिली. "काय गं, त्या मांजरालाही चहा पाजतेस?"

"मांजर नाही, फेरेट."

"मग तर झालंच! डॉक्टरला विचारलंस का?"

"पानाचं काय विचारायचं? उद्या म्हणशील, भात शिजवायलाही डॉक्टरचा सल्ला घे."

"तुझा भात खाल्ला की घ्यावाच लागतो बाई."

दोघी हसल्या. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते. या गावात तुतीच्या पानाला औषध कोण म्हणतं? महाराजांचं जेवण ते.

डॉक्टरीणबाईंच्या औषधाने किनाको जरा सावरला आणि पुन्हा घसरला. त्यांना कळेना. दरवेळी विचारायच्या, "आणखी काही देत नाही ना?" कियोए दरवेळी नाही म्हणायची. त्यांनी औषध वाढवलं. इकडे कियोएने चिमूट वाढवली. दोघी त्याच्यासाठीच झटत होत्या, पण उलट्या दिशांना.

एका सकाळी तो बाहीच्या तोंडाशी आडवा सापडला. अंग ताठ, तोंडाला फेस. कियोएने मधाची बाटली काढली आणि हात थांबला. साखरेच्या रोग्याला मध! शिगेझोच्या हातातून हीच बाटली तिने कितीदा हिसकावली होती. पण किनाको जातोय हे समोर दिसत होतं. तिने बोट बुडवलं आणि हिरड्यांना चोळलं.

थोड्या वेळाने त्याची जीभ हलली. मग डोळे उघडले. मान वर करून त्याने तिच्याकडे बघितलं, आणि तिचं बोट चाटायला लागला. हावऱ्यासारखा, जन्मात काही मिळालं नसल्यासारखा.

कियोए तशीच बसली. तो साखरेसाठी तडफडत होता. आणि आपण रोज पान घालून ती खाली ओढत होतो. *त्याला उपाशी ठेवू नकोस.*

जाकिटात गुंडाळून त्याला मांडीवर घेतलं आणि तिने छोटा ट्रक पळवला. वाटेत दोनदा तो पुन्हा ताठला. दवाखान्यात सलाइन लागल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, मी त्याला पान देत होते. तुतीचं. तुम्ही औषध विचारलंत. पान औषध आहे, असं मला वाटलंच नाही."

होसोयाबाईंनी सलाइनचा वेग बघितला. मग म्हणाल्या, "पानानेच झालं असं मी म्हणणार नाही, काकू. गाठ होतीच. हे पान साखर खाली आणतं म्हणतात, पण फेरेटवर त्याचं काय होतं, कुणी नीट तपासलेलं नाही. मला माहीत असतं तर पहिल्या दिवशी बंद करा म्हटलं असतं, एवढंच."

एवढंच तिला पुरलं. दुपारी किनाको गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहीत घालूनच तिच्या हातात दिलं.

त्याला तिने तुतीखाली पुरलं नाही. पर्सिमनच्या झाडाखाली पुरलं.

पुढच्या आठवड्यात ती बाजारात आली, अंगात शिगेझोचं जाकीट. एक बाई पुडी हातात घेऊन म्हणाली, "याने साखर कमी होते ना हो? आमच्या सासूबाईंना गोळ्या चालू आहेत. वनस्पतीचं आहे, काही होणार नाही ना?"

कियोएने पुडी तिच्या हातातून काढून घेतली. "आधी त्यांच्या डॉक्टरला विचारा. ते विचारतील, आणखी काही घेता का? तर नाही म्हणू नका. पान म्हणून सांगा."

बाई गोंधळून निघून गेली. "अगं, गिऱ्हाईक घालवलंस की!" फुसा म्हणाली. मग तिने कियोएकडे बघितलं आणि लोणच्याच्या बरण्या नीट लावू लागली.

वारा सुटला होता. कियोएने उजवा हात बाहीत आत ओढून घेतला. आत, कोपराशी, अस्तराला पिठाच्या रंगाचे केस चिकटलेले होते. तिथवर जाऊन बोटं थांबत होती.