आईची गोळी आणि उंदराचं जनुक

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सेमिनारसाठी माझ्या वाट्याला उंदराचं एक जनुक आलं. बाकीच्यांना कॅन्सर वगैरे मिळाला होता. नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत श्रोता म्हणून आई एकटीच होती. ती लसूण सोलत बसली आणि मी भाषणाची तालीम सुरू केली.

हे जनुक उंदराच्या यकृताच्या पेशीत एक प्रथिन बनवून घेतं, मी सांगितलं. रक्त गोठवणारी प्रथिनं तयार होताना के जीवनसत्त्व वापरलं जातं. ते वापरलेलं जीवनसत्त्व पुन्हा कामाचं करायचं, एवढंच आपल्या या प्रथिनाचं काम.

"म्हंजे खरकटी भांडी घासून परत मांडणारी," आई म्हणाली.

आमच्या सरांना हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. मी पुढे निघाले. उंदीर मारायच्या वडीतलं औषध या भांडीवालीचेच हात धरून ठेवतं. मग रक्त गोठेनासं होतं आणि उंदीर आतल्या आत रक्त वाहून मरतो. काही उंदरांत हे जनुक जरासं बदललेलं असतं, त्यांना वडी खुशाल पचते.

इथं थांबायला हवं होतं. पण हुशारी गप्प बसू देते थोडीच! "तुझी गोळीही त्याच औषधाची बहीण," मी म्हणाले. आईच्या हृदयात धातूची झडप होती. तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी मी रोज संध्याकाळी तिच्या तळहातावर ठेवत असे.

"तुला कधीपास्नं ठाऊक हाय?"

"दिवाळीपासून," मी ऐटीत सांगितलं.

सेमिनार झकास झाला. तीन आठवड्यांनी आईच्या रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. गोळी पोटात जातच नाहीये, म्हणाले, झडप कधीही अडकेल. आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं बाजरीच्या कोठीमागे बोट दाखवलं. तिथं उंदरांच्या वड्यांशेजारी गोळ्या ओळीनं मांडलेल्या होत्या. वस्तू वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. उंदरांनी एकीलाही तोंड लावलं नव्हतं.

मी घाईघाईनं मात्रेचं गणित समजावू लागले. थोडं घेतलं तर औषध, जास्त झालं तर विष, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"इखाचं काय नाय," ती म्हणाली. "पण तुला दिवाळीपास्नं ठाऊक व्हतं. रोज हातावर ठेवीत व्हतीस, आन् बोलली नाय."

ती घाबरेल म्हणून लपवलं असतं, तर तसं सांगता तरी आलं असतं. मला ते तिला सांगण्याजोगंच वाटलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ती गोळी पुन्हा घेऊ लागली, एकही दिवस न चुकवता. मी गोळी पुढे केली की म्हणायची, "ठेव तिथं." आणि मी खोलीबाहेर गेल्यावरच घ्यायची.