बाबा आणि नवा कॅमेरा

तळ्याकाठी बाबांनी माझा नवा कॅमेरा हातात घेतला, तेव्हा त्यांचे हात नेहमीसारखेच थरथरत होते. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं वर्तमानपत्रासाठी कबड्डी आणि कुस्तीचे फोटो काढण्यात घालवली. हात कापायला लागले तसा त्यांनी आपला कॅमेरा कपाटात ठेवून दिला आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

"यात नवीन काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पक्ष्याचा डोळा हा स्वतःच शोधतो. हात हलला तरी फोटो हलत नाही. आवाजही होत नाही."

"मग मी काय करायचं?"

"फक्त बटण दाबायचं," मी म्हणाले, आणि लगेच वाटलं, असं बोलायला नको होतं.

पाण्यातल्या खुंटावर एक खंड्या बसला होता. त्याने सूर मारला आणि बाबांनी बटण दाबलं. तेवढ्यात तीसेक फोटो निघाले, सगळे लख्ख. बाबा ते एकेक करून सावकाश बघू लागले. चोचीत मासा धरलेला फोटो मला फार आवडला. ते मात्र मागे मागे जात राहिले आणि चोच पाण्याला टेकण्याआधीच्या फोटोवर थांबले.

"हा," ते म्हणाले. "यात अजून काहीच ठरलेलं नाही."

कुस्तीच्या फडातही ते हाच क्षण शोधायचे. त्यांच्या कापणाऱ्या हातांकडे बघता बघता मी त्यांची नजर विसरूनच गेले होते.

निघताना त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढला नाही.

"उद्या किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.