विहिरीमागचा कोपरा

दादाच्या शेवटच्या एकवीस सकाळी मी त्याच्याशी खोटं बोललो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सांगून टाकतो.

देवासची आमची बाग आजोबांनी लावलेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, संस्थानच्या नोकरीत असताना.
पावसाळ्यात आठ दिवसांत गाजरघास गुडघ्याला, घाणेरी खांद्याला.
माझा थोरला भाऊ विळा घेऊन उतरायचा. मागून मी, शाळेतल्या कविता म्हणत.
"कविराज, चालीबरोबर हातही चालू दे," दादा म्हणायचा.

एक कोपरा मात्र त्याने कधी कापू दिला नाही. विहिरीमागचा.
तिथल्या झाडोऱ्यात भारद्वाज राहायचा. तांबूस पंख, लाल डोळा.
सकाळी भारद्वाज दिसला की दिवस शुभ, हे आमच्याकडे आजोबांपासून. त्याचं दर्शन झाल्याशिवाय दादा चहाला हात लावत नसे.

गेल्या पावसाळ्यात दादा इंदूरला आयसीयूत होता. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्या कोपऱ्यातून एक धामण ओसरीवर आली.
धामण बिनविषारी, हे मला दादानेच शिकवलेलं. तरी घाबरलो. अंथरुणाला खिळलेला माणूस घरी यायचा होता.

शेजारच्या मुन्ना भियाला ग्रास कटर घेऊन बोलावलं.
तो म्हणाला, "काकाजी, बड़े काकाजी से पूछ लिया?"
मी म्हटलं, सरप्राइज आहे.

दुपारी त्याने मशीन एकदम बंद केलं.
घरटं होतं. दोन पांढरी अंडी, फुटलेली.

दादा घरी आला. दुसऱ्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेवरून त्याने विचारलं, "दिसला का रे?"
"दिसला. कुंपणावर होता."
त्याने चहा घेतला.

रोज हेच.

एकविसाव्या सकाळी त्याने माझा हात धरला.
"कान गेले बघ माझे. तुला रोज दिसतो, पण मला त्याचं घुमणं काही ऐकू येत नाही."
तेवढ्यात आत सूनबाईने खट् करून गॅस पेटवला.
दादा म्हणाला, "चहा ठेवला वाटतं."

माझ्याकडे बघून हसला. मी मान खाली घातली.
संध्याकाळी गेला.

यंदा मी फक्त पायवाट मोकळी ठेवली, विहिरीपर्यंत. पुढे विळा नेला नाही. डास होतात म्हणून शेजारी कुरकुरतात. कुरकुरू देत.

आज सकाळी विहिरीमागे कोणीतरी घुमलं.
मग तो बाहेर येऊन कुंपणावर बसला.
मी सवयीने खाटेकडे वळलो.

दादा, आज खरंच दिसला रे.

वाकून नमस्कार.
तुझा कविराज