आपलं दार सोडून

नगरपालिकेतल्या त्या कारकुनाला सगळे ‘टक्केसाहेब’ म्हणत. साक्षरतेचं काम अंगावर आल्यापासून उठता-बसता त्याच्या तोंडी टक्केवारी असे. पण माणूस कामाला वाघ. बगलेत फॉर्मचा गठ्ठा मारून तो वॉर्डातला जिना न जिना चढला. “आता या वयात काय शिकायचं?” म्हणत कुणी दार लावू लागलं, की हा उंबऱ्यावरच बसकण मारी. “मावशी, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते किती दिवस दुसऱ्याला विचारणार?” असं गोड बोलून त्यानं बत्तीस बायका वाचनालयातल्या दुपारच्या वर्गात आणून बसवल्या.

एकच फॉर्म त्यानं ऑफिसात बसून भरला. स्वतःच्या घराचा. बायकोच्या नावापुढे ‘वाचता येते’वर खूण केली आणि फॉर्म गठ्ठ्यात खाली सरकवला.

तिला अक्षरओळख नव्हती. लग्न ठरवताना तिच्या माणसांनी ‘सातवी झालीय’ म्हणून सांगितलं होतं. आठवड्याभरात तिच्या हातात उलटा धरलेला कागद दिसला आणि हा काय ते समजला. त्या दिवशी तो बोलला नाही, पुढे बावीस वर्षं बोललाच नाही. बँकेत तोच जाई, मुलीच्या शाळेतही तोच. ‘तिला बरं नसतं’ हे इतक्या वेळा सांगून झालं होतं, की शेजारीण तिच्या नसलेल्या दुखण्यावर औषधं सुचवायची.

वॉर्ड शंभर टक्के साक्षर ठरला. सभागृहात कार्यक्रम झाला. मुख्याधिकारी खुशीत येऊन म्हणाले, “भाषणं पुरे. वॉर्डातल्या एखाद्या ताईंनी एक पान वाचून दाखवावं.”

“मग आमच्या वहिनींनीच वाचावं!” ऑफिसातला एक जण ओरडला. टाळ्या पडल्या.

तिच्या हातात पुस्तक आलं. तिनं एकदा टक्केसाहेबांकडे बघितलं आणि हसून म्हणाली, “चष्मा घरीच राहिला हो.”

कुणीतरी आपला चष्मा पुढे केला.

“नको, दुसऱ्याच्या नंबरानं डोकं दुखतं माझं.”

उभ्या जन्मात तिनं चष्मा लावला नव्हता. मग वर्गातली इस्त्रीवाली मावशी उठली. ओळीखाली बोट ठेवून, एकेका जोडाक्षरापाशी धापा टाकत तिनं पान संपवलं. बायको त्या बोटाकडे टक लावून बघत होती. टक्केसाहेबांची मान काही वर झाली नाही.

घरी आल्यावर तो पुटपुटला, “बरं सांभाळून घेतलंस.”

“तुमची अब्रूच ना? बावीस वर्षं तेच करतेय.” ती साडीची घडी घालत होती. “त्या इस्त्रीवालीच्या दारात तीन चकरा मारल्यात. अख्खी गल्ली पालथी घातलीत, आपलं दार तेवढं सोडलंत. मला रोज वाटायचं, आज येतील, चप्पल काढतील आणि मलाही विचारतील.”

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आजवर तो समजत होता, की फसवलं तिच्या माणसांनी आणि मोठ्या मनानं पोटात घातलं आपण. पण ते एकदाच खोटं बोलले होते. ते खोटं वाढवलं, पोसलं, त्यानं.

दुसऱ्या दिवशी तो मुख्याधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. “साहेब, एक फॉर्म खोटा आहे. माझाच.”

“अहवाल वर गेलाय. एका फॉर्मनं काय आभाळ कोसळतंय? गप्प बसा.”

तो गप्प बसला. खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच नंतर जास्त लाज वाटली.

“मी शिकवतो तुला,” तो घरी म्हणाला.

“तुमच्याकडून नको. चुकले तर तुमचं तोंड बघावं लागेल.”

सोमवारी ती एकटीच वर्गात गेली आणि भरल्या वर्गात बाईंना म्हणाली, “मी टक्केसाहेबांची बायको. मला वाचता येत नाही.” चहाच्या वेळेपर्यंत ऑफिसभर झालं. तो आत शिरला, की बोलणी थांबायची.

एका दुपारी हजेरीचं रजिस्टर द्यायला तो वाचनालयात गेला. खिडकीतून ती दिसली, एका शब्दावर अडलेली. ओठ हलत होते, अक्षरं जुळत नव्हती. शब्द त्याच्या अगदी जिभेवर आला. त्यानं रजिस्टर शिपायाच्या हातात दिलं आणि तो आल्या पावली परत फिरला.