टाकीवरच्या चार रेघा

हौशीरामला चोर ठरवलं गेलं ते विहारासमोरच्या ओट्यावर, तो हजर नसताना.

आमच्या गावाला एकाच टाकीचं पाणी. वरची आळी, देवळाची आळी, शाळेची आळी आणि पाइपाच्या शेवटी आमची बौद्धवस्ती. प्रत्येकीला पाव टाकी, हे जुनं ठरलेलं. पण दिवाळीनंतर आमचे नळ हंडे भरायच्या आधीच कोरडे पडायला लागले. उन्हाळा आला तशी बायकांची भांडणं सुरू झाली. तिकडं वरच्या आळीत लोक पाइप लावून गाड्या धूत होते. आणि पाणी सोडणारा माणूस आमच्याच वस्तीतला. म्हणून राग दुप्पट.

"वरच्या आळीनं इकत घेतलाय त्याला," विठाबाई म्हणाल्या. "सकाळी टाकीवर जायचं आन् चावी काढून घ्यायची. मी हुते फुडं."

मी म्हटलं, त्याला आधी इथं बोलावून विचारा.

"इचारल्यावर चोर खरं सांगतो व्हय, आबा?"

बाकीचे हसले. ठरलं.

हौशीराम कोण, ते सांगतो. आमच्या परंदवडीच्या आसपास जमिनी विकल्या गेल्या, प्लॉट पडले, बंगले आले. त्या प्लॉटांची कुंपणं ज्यांनी घातली त्यांतला हा एक. उभं आयुष्य त्यात गेलं. सिमेंटचा खांब खांद्यावर घेऊन चढ चढायचा. मुरमात पहारीनं खड्डा घ्यायचा. काटेरी तारेनं दोन्ही तळहात उसवलेले. खांब ओळंब्यात सरळ उभा नसला तर कुणी न सांगता उपटून पुन्हा रोवायचा. मालकाला फरक कळत नसे. याला चालत नसे, एवढंच. बंगल्यात राहायला आलेल्या माणसांनी त्याला कधी नावानं हाक मारली नाही, आणि कुंपण पुरं झाल्यावर त्याच फाटकातून आत येऊ दिलं नाही.

गुडघा गेला तेव्हा ते काम सुटलं. ग्रामपंचायतीला पाणी सोडायला माणूस हवा होता. हौशीरामला घेतलं. गावाच्या पाण्याची चावी आमच्या माणसाच्या हातात, ही आमच्या वस्तीला लहान गोष्ट नव्हती. आमच्या आज्यांना कुठल्या पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते ते आम्हांला घरोघर सांगितलेलं आहे. वरच्या आळीतल्या काहींची तोंडं वाकडी झाली. तो व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गावातून चालायचा तेव्हा गुडघा दुखत असला तरी लंगडायचा नाही.

आता तीच चावी त्याच्याच लोकांना काढून घ्यायची होती.

सकाळी आम्ही टेकाडावर गेलो. टाकी जमिनीवरच बांधलेली, गोल. वरचं टोक उभ्या माणसाच्या हाताला लागतं. भिंतीला बाहेरून पारदर्शक नळी लावलेली. आत पाणी जिथवर, नळीत तिथवर दिसतं. नळीशेजारी हौशीरामनं तांबड्या रंगानं रेघा मारल्या होत्या. ठेकेदाराच्या रेघा उन्हानं उडाल्या म्हणून दिवाळीत त्यानंच या नव्या काढल्या. टाकीच्या बुडाशी शून्य. वर एकेका रेघेवर नाव: पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. टाकी भरून सांडव्याच्या पाइपातून वाहायला लागली की मोटर बंद. मग वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा तो पाणी पाऊणवर येईपर्यंत. देवळाच्या आळीचा अर्ध्यापर्यंत. शाळेच्या आळीचा पावपर्यंत. उरलेलं आमचं.

टाकी नुकतीच भरून वाहत होती. हौशीरामनं आमच्याकडं पाहिलं आणि ओळखलं.

"काय, मावशी? सगळी वस्ती घिऊन आलाया."

"चावी दे."

"कशापायी?"

"आमचं पाणी इकतोस म्हनून."

त्याचा चेहरा काळा पडला. "कोन म्हनतं?"

"मी म्हनते. तोंडावर म्हनते."

"रेघंच्या खाली एक थेंब सोडला आसंल वरच्यांना, तर ह्या टाकीत बुडवा मला. चार आळ्या, चार रेघा. रोज रेघंवर डोळं लावून बसतो मी."

"तुझ्या रेघाच बगायला आलीया."

विठाबाई गोधड्या शिवतात. गोधडीचे चौक आखायचे तर त्या पट्टी घेत नाहीत. सुतळी घेतात, कापडाइतकी तोडतात, दुमडतात, पुन्हा दुमडतात. कमरेची सुतळी त्यांनी सोडली. एक टोक टाकीच्या बुडाशी मला धरायला लावलं, दुसरं सांडव्यापर्यंत ताणलं आणि दातानं तोडलं. मग सुतळी दोनदा दुमडली आणि ती चौथाई बुडापासून भिंतीला लावली.

पावची रेघ सुतळीच्या टोकाच्या चांगली खाली होती.

"बगा!" विठाबाई ओरडल्या. "पाव खाली सरकवलाय मेल्यानं! आमच्याच पावावर डोळा!"

लोक पुढं सरकले. एकानं चावीला हात घातला. हौशीरामनं त्याला ढकललं आणि विठाबाईंच्या हातातली सुतळी हिसकावली. एक घडी उलगडली. अर्ध्या सुतळीचं टोक अर्ध्याच्या रेघेवर यायला हवं होतं. रेघ तिथंही खाली. पाऊणची रेघ तर हातभर खाली.

"सगळ्याच खाली हाईत," तो म्हणाला. आवाज उतरला होता.

विठाबाईंनी वर बोट केलं. पूर्णच्या रेघेच्याही वर नळीत पाणी होतं, सांडव्यापर्यंत.

"आन् हे काय? पूर्ण झाल्यावर आनिक पानी कुटनं आलं?"

"ते... जास्तीचं."

"जास्तीचं कुनाला जातं?"

हौशीरामनं व्हॉल्व्हांकडं पाहिलं. पहिला व्हॉल्व्ह वरच्या आळीचा होता.

तो भिंतीपाशी गेला. बुडापासून रेघेपर्यंत एक, रेघेपासून रेघेपर्यंत दुसरा, असं बोट फिरवत वर गेला. शेवटच्या रेघेपासून सांडव्यापर्यंत बोट नेलं तेव्हा पाचवा भाग झाला. वरच्या आळीला त्यातले दोन. बाकी तिघांना एकेक.

चूक कशी झाली ते मला तिथंच कळलं, कारण कुंपणाचं काम मीही पाहिलेलं आहे. प्लॉटच्या दोन टोकांना मोजणीवाले हद्दीचे दगड आधीच रोवून जातात. मुकादम सांगतो, मधे चार खांब घे. मजूर चार खांब घेतो. मधे गाळे किती पडले ते मजूर मोजत नाही. त्याच्याकडून हिशेब खांबांचा घेतात, मोकळ्या जागेचा नाही. टाकीलाही दोन टोकं आधीच होती, बूड आणि सांडवा. ग्रामपंचायतीनं सांगितलं, चार भाग पाड. यानं मधे चार रेघा ओळंब्यात, सारख्या अंतरावर, सुबक मारल्या. चार भागांना मधे तीनच रेघा लागतात. आयुष्यभर खांब मोजले, तेच इथं मोजले.

चूक समजते. पण मला राग आला तो गेला नाही. एक वाकडा खांब उपटून रोवणारा माणूस रोज पूर्णच्या वर पाणी बघतो आणि त्याला जास्तीचं म्हणतो! एकदा सुतळी लावायला किती मेहनत होती?

आरडाओरडा ऐकून वरच्या आळीचा निवृत्ती वर आला. ग्रामपंचायतीचा सदस्य.

"काय रे, वस्तीचा मोर्चा काय?"

"रेघा चुकल्यात," हौशीराम म्हणाला. "तुमच्याकडं लय पानी जातंय."

निवृत्ती हसला. त्याला नवं काही कळलं नव्हतं, हे त्या हसण्यात दिसत होतं. "असू दे की. उन्हाळ्याच्या तोंडावर कशाला उकरतोस? रेघा पंचायतीच्या आहेत. बदलायच्या तर ठराव लागंल."

"मारल्या तवा कुटं ठराव लागला व्हता?"

"तोंड वर करून बोलू नको. चावी दे इकडं."

"चावी मागायला आमी आधी आलोय," विठाबाई म्हणाल्या. "तू रांगंत मागं हुबा ऱ्हा."

हौशीराम मोटरच्या खोलीत गेला, पत्र्याचा तुकडा आणि रंगाचा उरलेला डबा घेऊन आला. पत्र्यानं चारही रेघा खरवडल्या. बोटं सोलली तरी थांबला नाही. कुणी मदतीला हात पुढं केला तर म्हणाला, "चोराच्या कामाला हात लावू नका." सुतळी दुमडून अर्धा मारला, अर्ध्याचा अर्धा करून पाव, तेवढंच वर नेऊन पाऊण. पूर्ण हे नाव सांडव्याच्या तोंडाशी लिहिलं. मग वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडला आणि नळीकडं बघत उभा राहिला. पाणी नव्या पाऊणला टेकलं तसा आवळून बंद केला.

थोड्या वेळानं निवृत्तीचा फोन वाजला. बायकोचा आवाज आम्हांलाही ऐकू आला. "अहो, पाणी गेलं! गच्चीवरची टाकी अर्धीसुद्धा भरली नाही!"

"बघून घेतो तुला," निवृत्ती हौशीरामला म्हणाला आणि उतरला.

त्या दिवशी आमच्या वस्तीत सगळे हंडे भरले. संध्याकाळी ओट्यावर मंडळी जमली. हौशीरामला बोलवा, शाल द्या, असं निघालं. ज्यांनी काल चावी काढून घ्यायचं ठरवलं तेच आज शालीचा रंग ठरवत होते. मला तिथं बसवेना. निरोप घेऊन मीच गेलो.

हौशीराम बोटांना हळद लावत बसला होता.

"चोर ठरवताना बोलावलं न्हाई, आबा. आता कशाला?"

"चुकले ते. पण तूही चुकलास."

"व्हय. चुकलो. चुकला आन् चोर, यात काय फरक हाय का न्हाई? ज्याला संशय हाय त्यानं रोज टाकीवर या म्हनावं. शाल ठेवा."

शाल आणणारा एकही टेकाड चढला नाही. विठाबाई तेवढ्या रोज जातात. त्यांनी हौशीरामची माफी मागितलेली मी ऐकली नाही. नळीपाशी बसतात, आणि वरच्या आळीच्या वेळी पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलं की ओरडतात, "आरं बंद कर, मुडद्या, रेघ दिसंना व्हय तुला?"

"वरडू नका मावशी, करतोय," तो म्हणतो, आणि व्हॉल्व्ह आवळतो.