पुण्याचं गवत

राजाबाई मेंढरांशी कानडीत बोलायची आणि माणसांशी मराठीत. मैंदर्गीहून लग्न होऊन कुंभारीला आली त्याला पस्तीस वर्षं झाली, पण शिव्या अजून माहेरच्याच. तीस मेंढरं, एक काठी, आणि घरापासून तळ्यापर्यंत एक पायवाट, एवढा तिचा संसार.

त्या पायवाटेवरच आता प्लॉट पडले होते. 'हरितस्वर्ग पार्क'. सोमवारी तारेचं कुंपण लागणार, म्हणजे मेंढरांना पाण्यासाठी तीन किलोमीटरचा वळसा. साइट सांभाळणारा मृत्युंजय गावचाच. शनिवारी राजाबाईनं त्याला धरून वाटेबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा तो जीव सोडवत म्हणाला, "आक्का, तुमचं कायतरी करतो की मी!"

रविवारी सकाळी राजाबाई मेंढरं घेऊन आली आणि थबकलीच. वाटेच्या कडेला हिरव्यागार गवताच्या गुंडाळ्या रचून ठेवलेल्या! एक नाही, दोन नाही, चाळीसेक. कोवळं, दवानं भिजलेलं. तिला एकदम भरून आलं. वाट घेतली, पण पोरानं वैरण टाकली. गुणाचं निघालं की!

"बा, बा, बा!" तिनं मेंढरांना हाक घातली, आणि मेंढरं पंगतीला बसली.

दहा मिनिटांनी मृत्युंजय मोटारसायकलवरून उतरला तो किंचाळतच. "अय्यय्यो! आक्का! लॉन आहे ते!"

"असंल की. मेंढरांस्नी लई आवडलं."

"पुण्यास्नं आणलंय! टेम्पोनं! आत्ता अंथरायचं होतं!"

"पुण्यास्नं? गवत?" राजाबाई काठीवर हनुवटी टेकून विचारात पडली. "हितनं कांदं भरून टेम्पो जातो, आन् येताना गवत आणतो? तितं मेंढरं न्हाईत व्हय?"

"हे खायचं नसतंय, आक्का!"

"मंग?"

"बघायचं असतंय!"

राजाबाई हसायला लागली. इतकी हसली, की तिला खालीच बसावं लागलं. गवत बघायचं! मृत्युंजय दोन्ही हातांनी एक गुंडाळी ओढत होता, दुसरं टोक एडक्याच्या तोंडात. आणि नेमका तेवढ्यात हॉर्न वाजला. पुण्याची मिनीबस.

गिऱ्हाईकं उतरली. सगळ्यांत पुढे ऋतुजा नावाची चटपटीत बाई. आल्या आल्या तिनं एडक्याबरोबर फोटो काढला आणि पदर सावरणाऱ्या राजाबाईला म्हणाली, "मावशी, काय जागा आहे हो! आमच्या हडपसरला गाडी लावायच्या जागेचे जे पैसे पडतात ना, त्यात इथे अख्खा प्लॉट येतो."

"आन् आमी हितला प्लॉट इकून तुमच्यात आलो तर?"

"तर... गाडी लावायची जागा मिळेल."

"त्यात मेंढरं किती बसतील?"

ऋतुजानं हातानं माप घेतलं. "दाटीवाटीनं बारा."

"आन् बाकीची अठरा पार्सलनं पाठवू व्हय?" राजाबाई म्हणाली, आणि अख्खी बस हसली. मृत्युंजय सोडून.

मग एका आजोबांनी मुद्द्याला हात घातला. "पाण्याचं काय? बोअर किती फूट?"

मृत्युंजयनं घसा साफ केला. "काका, म्हणजे, बोअर प्रस्तावित..."

"बोअर कशाला?" राजाबाई म्हणाली. "तळं हाय की पलीकडं. उन्हाळ्यात बी आटत न्हाय. माजी मेंढरं रोज जात्यात."

"म्हणजे तळ्यापर्यंत रस्ता आहे?"

"उद्यापत्तूर हाय. उद्या ह्यो बंद करणार."

सगळ्या माना मृत्युंजयकडे वळल्या. ऋतुजानं नकाशा उलगडला. वाटेच्या ठिकाणी प्लॉट एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. मृत्युंजयनं नकाशा पाहिला, बस पाहिली, इंजिन चालूच ठेवलेला बसचा ड्रायव्हर पाहिला.

"बंद कोण म्हणालं?" तो म्हणाला. "रस्ताच आहे तो! तळ्याचा रस्ता! आज आखायचाच होता."

"मग आखा की," आजोबा म्हणाले.

फक्कीचं पोतं ऑफिसच्या पत्र्याखाली होतंच. राजाबाईनं हाक दिली, मेंढरं निघाली. त्यांच्यामागे चुन्याची पांढरी रेघ मारत वाकलेला मृत्युंजय, त्याच्यामागे मोबाईल धरून ऋतुजा, आणि मागे सगळी बस. अशी मिरवणूक कुंभारीनं पाहिली नव्हती. बाभळीपाशी मेंढरांनी सवयीप्रमाणे वळसा घेतला.

"आक्का, सरळ घ्या की!"

"मला काय सांगतो? मेंढरांस्नी सांग."

त्यानं वळसा मारला.

तळ्यावर पोचल्यावर ऋतुजानं नकाशा आणि पेन त्याच्यापुढे धरलं. "फक्की उडून जाईल. इथे काढा, आणि खाली सही करा." त्यानं तीन प्लॉटांवरून रेघ ओढली. राजाबाईला वाचता येत नव्हतं, पण नकाशावर तिनं बरोबर बोट ठेवलं. "हितली बाभळ ऱ्हायली."

त्यानं वळसा काढला. सही केली.

सोमवारी कुंपण लागलं, आणि वाटेच्या जागी मोकळी फट राहिली, दोन बैलगाड्या जातील एवढी. मेंढरं तिच्यातून गेली. काल मागे रेंगाळलेल्या कोकराचे पाय अजून पांढरेच होते. मृत्युंजय उरलेल्या सात गुंडाळ्या अंथरत बसला होता, कपाळाला हात लावून.

राजाबाई जाता जाता थांबली. एक गुंडाळी तिनं दोन बोटांनी चाचपली.

"मृत्युंजया, पुढच्या खेपंला वाईच जास्त आण, बाबा. काल एडक्याला पुरलं न्हाय."