मानाच्या जागेवरचा स्पीकर

मार्गिलान शहरात छतात स्पीकर बसवायचा तर सोतवोल्दी उस्ता या कारागिरालाच बोलावत. वीस वर्षं तो लोकांची छतं कापत होता; स्वतःच्या घरात मात्र त्याला साधा रेडिओही खपत नसे.

इक्रोमने पाहुण्यांची खोली नव्यानं बांधली. दारापासून सगळ्यात लांबची, भिंतीकडची मानाची जागा. मोठा स्पीकर नेमका तिच्या डोक्यावर हवा, असा त्याचा हट्ट.

"तिथं बाबा बसणार, उस्ता. सगळ्यात चांगला आवाज त्यांना नको?"

"डोक्यावर नगारा बांधून कुणाचा मान होतो रे? दोन लहान घे, मधोमध लावतो."

"बापाच्या वाट्याला लहान? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

उस्तानं मानाच्या जागेवर छताला भोक पाडलं.

इक्रोमच्या मुलाच्या सुंतेच्या जेवणाला स्पीकरवर दणदणून गाणं लागलं. बाबांनी पुलावाचे दोन घास कसेबसे खाल्ले, चहाची वाटी उचलली आणि ते सरळ दाराशी, जोड्यांजवळच्या सगळ्यात खालच्या जागी जाऊन बसले. आता वडीलधाऱ्यांपेक्षा वरच्या जागी कोण बसणार? एकेक पाहुणा ताट घेऊन उठला आणि उंबऱ्याबाहेर अंगणात गेला. रिकाम्या खोलीत स्पीकर एकटाच गात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इक्रोम उस्ताच्या दारात हजर.

"उस्ता, तेवढा स्पीकर दारावर हलवून द्या. बाबा आता तिथं बसतात."